पोच

सिंगापूरच्या आमच्या मराठी मंडळींत माझ्या घरमालकांविषयी दोन वाक्यं हमखास ऐकू यायची. पहिलं, "माणूस कामाला चोख." आणि लगेच आवाज खाली आणून दुसरं, "पण पोच नाही हो." हे दुसरं वाक्य कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं, तेव्हा त्यांना राग आला नाही, ते गोंधळले. "मला पोच नाही?" ते मला म्हणाले. "अगं, नोकरीच्या पहिल्या दिवसापासून प्रत्येक कागदाची पोच आहे माझ्याकडे. फाइलला लावलेली. बघायचीय?"

त्यांना या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक होता. कागद दिला की दुसऱ्या प्रतीवर 'मिळाला' अशी सही आणि तारीख घ्यायची, ती पोच. कुणासमोर काय बोलावं आणि कुठे थांबावं, ही जी दुसरी पोच असते, तिच्याशी त्यांची ओळखच नव्हती असं सगळ्यांचं मत होतं. बरेच दिवस माझंही होतं.

मी शहाण्णव साली पुण्याहून प्रोग्रॅमरची नोकरी घेऊन तिकडे गेले आणि पासिर रिसला त्यांच्या फ्लॅटमधली एक खोली भाड्याने घेतली. पहिल्या संध्याकाळी काकूंनी माझ्यापुढे पोह्यांची बशी ठेवली आणि बशीच्या शेजारी काकांनी एक टाइप केलेला कागद ठेवला. पलंग एक. गादी एक. उशी एक, अभ्रा उसवलेला. पंखा एक, तीनवर खडखडतो. किल्ल्या दोन. "वाच, तपास, सही कर," ते म्हणाले. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि स्वतःला फार हजरजबाबी समजत होते. मी विचारलं, "काका, पंखा खडखडतो हे लिहिण्यापेक्षा दुरुस्त का नाही केला?"

"करणार आहे की. पण आधी नोंद."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर पंखा गपगार फिरत होता आणि पलंगावर खडखड थांबल्याचा कागद सहीसाठी ठेवलेला होता.

ते जहाजावर चीफ इंजिनिअर होते. समुद्र सोडून किनाऱ्यावरच्या नोकरीत त्यांना दहा-बारा वर्षं झाली होती, पण चीफ हे नाव चिकटलं ते चिकटलंच. काकूही पाठीमागे त्यांना चीफच म्हणायच्या. ते स्वतः माणसांना नावाने फारशी हाक मारत नसत, हुद्द्याने मारत. जहाजावर इंजिनरूममध्ये सगळ्यांत खाली फोर्थ, मग थर्ड, मग सेकंड. माझ्याकडे इंजिनिअरिंगची पदवी होती म्हणून मला थेट थर्ड म्हणून घेतलं. "थर्ड, जरा इकडे ये," अशी हाक आली की मी जायची. दोन वर्षांत बढती मात्र मिळाली नाही.

त्यांच्या पोच घेण्याच्या गोष्टी आमच्यात चवीने सांगितल्या जात. मंडळाच्या गणपतीला काकूंनी मोदक करून दिले, तर यांनी सेक्रेटरीकडून मोदक मिळाल्याची सही घेतली, आणि त्यातला एक फुटलेला होता हेही त्याच्याकडून लिहून घेतलं. कुणाच्या लग्नात आहेर दिला की नवरदेवासमोर पेन धरायचे. त्यांची मुलगी ऑस्ट्रेलियात शिकायला होती. तिला ते क्रमांक घालून पत्रं पाठवत, आणि ती फोनवर, वाक्याला सिंगापुरी 'लाह' जोडून, म्हणायची, "पपा, लेटर नंबर फोर्टीन रिसीव्ड लाह, ओके? आता तरी सांगा, आई कशी आहे?" काकूंना या सगळ्याची इतकी सवय झाली होती की त्या भाजीची यादी हातात देतानाच खाली स्वतःची सही करून द्यायच्या. "लग्नात मंगळसूत्र घातल्यावर माझी सही घेतली नाही, एवढंच काय ते राहिलं," त्या म्हणायच्या. यावर चीफ खरोखर विचारात पडायचे.

रविवारी सकाळी ते ईस्ट कोस्टच्या समुद्रकिनाऱ्यावर फिरायला जात आणि कधीकधी मला ओढून नेत. इतर लोक सायकली चालवत, समुद्राचा वारा खात. हे नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांकडे बघत चालायचे. "तो बघ, त्या हिरव्याचा धूर. इंजेक्टर गेलाय त्याचा. कुणाला पत्ता नाही." जहाज तीन-चार मैलांवर आणि त्याच्याशी यांचा काडीचा संबंध नाही, पण यांना चैन पडायचं नाही. एकदा त्यांनी घरी येऊन एका परक्या कंपनीला तसं पत्रसुद्धा लिहिलं. उत्तर आलं नाही, पण पाठवल्याची पोस्टाची पावती फाइलला लागली.

आता ज्याला हार्बरफ्रंट म्हणतात तिथल्या फेरीच्या धक्क्याजवळ त्यांच्या शिपिंग कंपनीचं ऑफिस होतं. तिथे ते सुपरिंटेंडंट होते. म्हणजे कंपनीचं जहाज बंदरात आलं की त्याचं इंजिन तपासायचं, दुरुस्ती ठरवायची आणि जहाज निघायला ठीक आहे की नाही ते सांगायचं. त्यांच्या वरती होते मिस्टर टॅन. टॅन त्यांचे साहेब होते आणि त्याहून जास्त मित्र होते. तरुणपणी दोघं एकाच जहाजावर होते, टॅन सेकंड आणि हे थर्ड. दर होळीला टॅन घरी यायचे आणि पुरणपोळी चिली सॉसबरोबर खायचे. काकू तोंड फिरवून घ्यायच्या, पण वाढायच्या. त्यांना त्या 'टॅन भावजी' म्हणत आणि टॅननाही त्या हाकेची सवय झाली होती.

अठ्ठ्याण्णव साली मंदी आली. जहाजांना माल मिळेना, ऑफिसं ओस पडायला लागली, रोज कुणीतरी परत निघालेलं ऐकू यायचं. त्यातच चीफच्या देखरेखीखालचं एक जहाज भर समुद्रात बंद पडलं. कुणाला इजा झाली नाही, पण ते ओढून आणावं लागलं आणि ज्याचा माल होता तो भडकला. तीन आठवड्यांनी चीफना ऑफिसात एक पत्र मिळालं. त्यात एकच ओळ होती की तुमच्या सेवेची यापुढे गरज नाही. कारण काही दिलेलं नव्हतं. ते पत्र देताना क्लार्कने त्यांच्याकडून दुसऱ्या प्रतीवर सही घेतली.

"पद्धत बरोबर होती त्याची," घरी येऊन त्यांनी सांगितलं. काकू हातातलं लाटणं तसंच धरून उभ्या राहिल्या. "मंदी आहे. माणसं कमी केली," ते म्हणाले आणि बूट काढून आत गेले.

बंदराचं जग छोटं असतं. दोन ठिकाणी ते मुलाखतीला गेले, आणि दोन्हीकडे समोरच्याने कागद चाळत सहज विचारलं, "ते बंद पडलेलं जहाज, तुमचं होतं ना?" त्याच सुमाराला मंडळाच्या हळदीकुंकवात कुणीतरी काकूंना ऐकवलं, की म्हणे चीफनी खराब इंजिन पास केलं म्हणून नोकरी गेली. काकू घरी आल्या, साडी बदलली, आमटी टाकली. कुणाला काही बोलल्या नाहीत. चीफना मात्र मंडळातल्याच एकाने फोन करून सांगितलं की वहिनींच्या कानावर गेलंय बरं का.

तेव्हापासून ते ईस्ट कोस्टला जायचे, पण समुद्राकडे पाठ करून बाकावर बसायचे.

एका शनिवारी सकाळी त्यांनी मला बोलावलं. "थर्ड, तुझ्या कॉम्प्युटरवर एक फॉर्म काढायचाय." त्यांच्या हातात पेन्सिलीने आखलेला कागद होता. वर इंग्रजीत लिहिलं होतं, बेकार भत्त्यासाठी अर्ज. ब्रिटनच्या बंदरांत त्यांच्या ओळखीचे लोक नोकरी गेली की असा फॉर्म भरत, तो त्यांनी आठवून आठवून उतरवला होता.

"काका, पण इथे बेकार भत्ता नाहीये," मी म्हटलं. "सिंगापूरमध्ये ही भानगडच नाही."

"माहीत आहे."

"मग?"

त्यांनी कागदाच्या मध्यावर बोट ठेवलं. 'भाग ब' होता तो. आधीच्या मालकाने भरायचा. कामावरून कमी करण्याचं कारण, कर्मचाऱ्याची काही चूक होती काय, असल्यास कोणती, खाली सही आणि शिक्का. "मला भत्ता नको," ते म्हणाले. "मला हा भाग ब भरून हवाय. मी मागितला तर कंपनी देत नाही. दोनदा पत्र लिहिलं. सरकारने मागितला तर द्यावा लागेल."

मग त्यांनी मला काय घडलं ते सांगितलं. इंजिनचं एक बेअरिंग झिजलेलं त्यांना दिसलं होतं. नवीन घातल्याशिवाय जहाज सोडू नये असं त्यांचं मत होतं. ते त्यांनी टॅनना सांगितलं, ऑफिसखालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या ठेल्यांपाशी, कोपी म्हणजे तिथली कॉफी पिताना. टॅन म्हणाले, एवढ्यात कागदावर आणू नकोस, कागद आला की मला जहाज थांबवावंच लागेल, मी वरती बोलून बघतो. टॅन वरती बोलले की नाही कुणास ठाऊक. जहाज सुटलं.

"आणि तुम्ही लिहून नाही दिलं?" मी विचारलं. "तुम्ही? मोदकाची पोच घेणारे?"

"मित्र आहे तो," ते म्हणाले. "मित्राकडून कसली पोच घ्यायची?"

 आयुष्यात एकदाच या माणसाने समोरच्याची अडचण ओळखून कागद खिशात ठेवला होता, आणि नेमका तोच कागद आता हवा होता.

"बाजारात लोक काय म्हणतात ते म्हणू देत," ते पुढे म्हणाले. "पण हिने ऐकलंय. ऐकून आली आणि मला एका शब्दाने विचारलं नाही. आज बारा दिवस झाले. विचारत नाही म्हणजे तिला पटलं असणार."

"मग तुम्ही सांगा ना काकूंना."

"मी सांगितलं तर नवरा सांगतोय म्हणून ऐकून घेईल. पुरावा पाहिजे, थर्ड." एवढं बोलून ते रेघा सरळ आल्यात का ते तपासायला लागले. मला त्यांची दया आली आणि रागही आला. पण मी फॉर्म टाइप केला, तीन प्रतींत.

सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्यांच्याबरोबर मजूर खात्याच्या ऑफिसात गेले. एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, ते फाइल मांडीवर उभी धरून बसले होते. काउंटरवर एक तिशीची चिनी बाई होती, चष्मा लावलेली, शांत. तिने फॉर्म पुढून मागून बघितला.

"अंकल, हा फॉर्म कुठे मिळाला तुम्हाला?"

"मी तयार केला."

"पण गव्हर्नमेंटचा असा फॉर्म नाही लाह."

"नाही ना, म्हणूनच तयार केला," चीफ म्हणाले. "चांगला झालाय. दुसऱ्यांना लागला तर तुम्ही वापरू शकता."

तिने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. मग तिने न चिडता समजावून सांगितलं की या देशात बेकार भत्ता दिला जात नाही, दुसरं काम शोधायला मदत करतात. आणि ते सुपरिंटेंडंट होते, अधिकारी वर्गातले, तेव्हा कामावरून काढल्याची तक्रारसुद्धा कायद्यात बसत नाही.

"ठीक आहे," चीफ म्हणाले. "मग अर्ज नामंजूर करा."

"नामंजूर कसा करू, अंकल? रिजेक्ट करायला पण आधी स्कीम पाहिजे."

"पण नामंजूर करायच्या आधी तुम्हाला चौकशी करावी लागेल ना, की हा माणूस बेकार का झाला? भाग ब कंपनीकडे पाठवा. ते भरून देतील. मग खुशाल नामंजूर करा, मी काही म्हणणार नाही."

मागे रांगेतला एक माणूस हसला. चीफनी वळून त्याला विचारलं, तुमचाही अर्ज आहे का. मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटत होतं. शेवटी त्या बाईने सुस्कारा सोडला आणि दुसऱ्या प्रतीवर 'रिसीव्ड'चा शिक्का मारून तारीख घातली. त्या शिक्क्याकडे बघून चीफ इतके प्रसन्न झाले की मला हसू आवरेना. एमआरटीत त्यांनी तो कागद तीनदा बाहेर काढला.

पुढच्या सोमवारी ते स्मरणपत्र क्रमांक एक घेऊन गेले. त्याच्या पुढच्या सोमवारी स्मरणपत्र क्रमांक दोन. असं दर सोमवारी चाललं. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, फाइल. काकू डबा द्यायच्या आणि "सावकाश या" म्हणायच्या, कुठे जाता, कशाला जाता, काही नाही. त्यांना वाटत असेल नोकरी शोधायला जातात, असा चीफचा समज होता. मंडळात मात्र बातमी फुटली. जिथे भत्ता नाही तिथे भत्ता मागायला जाणारा माणूस म्हणून त्यांची फार थट्टा झाली. एकाने तर पुढचा अर्ज बर्फ पडत नाही म्हणून करा असं सुचवलं. मीही त्या हसण्यात सामील होते, हे कबूल करायला हवं. घरी जेवायचं त्यांच्याकडे आणि बाहेर हसायचंही त्यांनाच, असं माझं दोन महिने चाललं होतं.

पोटाची काळजी नको म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकते. पुढे वर्षाच्या आत त्यांना टगबोटींच्या एका छोट्या कंपनीत काम मिळालं आणि तिथेच ते निवृत्त झाले. पण त्या सोमवारांमध्ये हे कुणालाच माहीत नव्हतं.

काउंटरवरच्या बाईची आणि त्यांची तोवर चांगली ओळख झाली होती. ऑफिसातलं नंबर देणारं मशीन एकदा अडकलं, तर चीफनी त्याला कान लावला, खिशातला छोटा स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि पाच मिनिटांत चालू केलं. अर्थात मशीन चालू झाल्याची सही घेतली. त्यानंतर ती त्यांना नंबर न घेता आत बोलवायची. सहावं की सातवं स्मरणपत्र दिलं तेव्हा ती म्हणाली, "अंकल, तुम्हाला पैसे नकोत, नोकरी परत नको. तुम्हाला नक्की हवं काय?" यांनी तिला सगळं सांगितलं, अगदी काकू विचारत नाहीत इथपर्यंत. तिने स्मरणपत्र बाजूला ठेवलं. मग म्हणाली, फॉर्मचं मी काही करू शकत नाही, पण मिस्टर टॅनना फोन करून एकदा येता का विचारते. ऑफिशियल काही नाही. आले तर आले.

टॅन आले. ते येतील असं मला वाटलं नव्हतं. चीफनी मला मीटिंगची टिपणं घ्यायला बरोबर नेलं होतं. एक लहान खोली, एक टेबल, चार खुर्च्या. टॅन वाळले होते. त्यांनी चीफकडे बघितलं नाही. चीफनी त्यांना विचारलं, "गुडघा कसा आहे?" टॅन म्हणाले, "सेम लाह." मग दोघं टेबलाकडे बघत बसले.

बाईने सरळ मुद्द्याला हात घातला. "मिस्टर टॅन, जहाज सुटायच्या आधी बेअरिंग खराब आहे हे यांनी तुम्हाला सांगितलं होतं का?"

मी पेन टेकवून तयार होते.  टॅननी चष्मा काढला आणि परत घातला. मला वाटलं, आता हा माणूस नाही म्हणणार, आणि काका माझ्यासमोर मोडून पडणार. 

"ही टोल्ड मी," टॅन म्हणाले. "खाली, कोपी पिताना. टू टाइम्स ही टोल्ड मी. मीच म्हटलं, लिहू नको." मग पहिल्यांदा चीफकडे बघून ते म्हणाले, "बॉसने विचारलं तेव्हा मी गप्प बसलो. मला पण नोकरी पाहिजे, माय फ्रेंड. सॉरी."

बाईने पुढ्यातला कागद ओढला. "हे मी लिहून घेते," ती म्हणाली. "तुम्ही दोघं सही करा. ऑफिशियल नाही, पण अंकलना दाखवायला होईल."

मी चीफकडे बघितलं. सगळा खटाटोप याच एका कागदासाठी झाला होता. त्यांचा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला होता. टॅनची नजर त्या हातावर होती आणि त्यांचा चेहरा उतरला होता. सही केलेला असा कागद उद्या कंपनीत कुणाच्या हाती लागला तर काय होणार, ते त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं.

"मिस, नो नीड," चीफ म्हणाले. "लिहू नका. मी ऐकलं."

"आर यू शुअर, अंकल?"

"हो." आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "तूही खोड ते, थर्ड." मी लिहिलेली ओळ खोडली. बाहेर पडताना टॅनना त्यांचा हात धरायचा होता, पण धरला नाही. चीफनीच त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि गुडघ्याला शेक देत जा म्हणून सांगितलं.

रस्त्यावर आल्यावर मी भडकले. मी त्यांना नको नको ते बोलले. इतके सोमवार खेटे घातले, जगाचं हसू करून घेतलं, आणि हातातोंडाशी आलेला कागद सोडून दिला? आता काकूंना काय दाखवणार? ते ऐकत ऐकत शांतपणे चालत होते. एमआरटीच्या जिन्यावर थांबून म्हणाले, "त्याची दोन मुलं कॉलेजात आहेत गं." थोड्या वेळाने म्हणाले, "तू ऐकलंस ना? तू साक्षीदार. घरी गेल्यावर हिला तेवढं तू सांग. मी बाहेर थांबतो."

मी पासिर रिसपर्यंत गाल फुगवून बसले. पण आत गेले आणि सांगितलं. काकू ओट्याशी उभ्या राहून कणीक मळत होत्या. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. बेअरिंग, कोपी, टॅन, फॉर्म, भाग ब, सोमवार, आणि न लिहिलेला कागद. त्यांचा हात एकदाही थांबला नाही. माझं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "एवढं सांगायला तुला पाठवलं होय?"

"काकू, त्यांना वाटतं तुम्हाला ते खरं वाटलं. तुम्ही काही विचारलं नाही म्हणून."

"विचारायचं काय त्यात?" त्या म्हणाल्या. "हा माणूस गॅस बंद केलास का म्हणून बस-स्टॉपवरून परत येतो. बाथरूमचा नळ गळतो म्हणून मला तीनदा बजावतो आणि चौथ्यांदा चिठ्ठी लावतो. त्याला इंजिन खराब दिसलं आणि तो गप्प बसला? कुणाला सांगताय?" आता मात्र त्यांचा हात थांबला. "इतकी वर्षं आपल्याकडे येणारे टॅन भावजी नोकरी गेल्यावर एकदासुद्धा आले नाहीत. यांनीही त्यांचं नाव काढलं नाही. तेव्हाच कळलं मला, हे कुणासाठी गप्प आहेत ते. म्हटलं, मित्राचं झाकताहेत तर झाकू देत. आपण कशाला उकरायचं?" पिठाच्या हातानेच त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "आणि हे आपले सरकारला विचारत बसले."

चीफ फ्लॅटच्या बाहेर कॉरिडॉरमध्ये उभे होते, फाइल छातीशी धरून. मला बघून त्यांनी नुसती भुवई उचलली.

"काकूंना माहीत होतं," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून."

"सगळं?"

"तुमची चूक नव्हती ते. आणि कुणासाठी गप्प होतात, तेही."

ते चपलांच्या रॅकवर बसले.  "मग ती काही बोलली का नाही?" 

मी म्हटलं, "तुम्ही अर्ज केला नाहीत, काका."

ते हसले, आणि हसता हसता त्यांना रडू आलं. मलाही आलं, आणि मी ते लपवलं नाही. मग त्यांनी बूट काढले, फाइल माझ्या हातात दिली, माझी सही वगैरे काही न घेता, आणि ते सरळ स्वयंपाकघरात गेले. मी कॉरिडॉरमध्येच थांबले.